सव्वाअकरा ते बारा

कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी
मी पेन्सिलीने बारीक गोल काढते.
दूधवाल्याला वाटतं, खाड्याची खूण.
‘ताई, त्या दिवशी तर मी आलेलो.’
आलेलास रे. तुझा नाही तो गोल.

या आठवड्यात सोम, मंगळ, बुध कोरे.
आज गुरुवार.
सुमेधचं पोट ताणलेल्या डफासारखं,
डावीकडे बोटं दाबली की आत खडे लागतात.
मनुकांचं पाणी झालं, एरंडेल झालं,
सासूबाईंनी फोनवरून सांगितलेला हिंगाचा लेप
बेंबीभोवती वाळून पिवळा झाला,
डॉक्टरांची पावडरही झाली.
सात वर्षांचा माझा मुलगा रडताना आवाज काढत नाही,
नुसता मागे ताणला जातो धनुष्यासारखा,
मूठ वळते, अंगठा आत.

नळ गेला. एक बादली भरून ठेवली.
सव्वाअकरा.

त्याची उभी राहायची फळी
ह्याच्या बापाने डेपोतल्या सुट्टीच्या दिवशी केली.
मापं अर्नवाझ मॅडमची,
पट्टे जुन्या दप्तरांचे,
गुडघ्यांपाशी आमच्या लग्नातल्या गादीचा फोम.
मॅडम म्हणाल्या होत्या,
‘सारखं आडवं राहिलं की आतडंपण आळशी होतं, बाई.
उभं करा रोज. होईलच असं नाही.
पण उभं करा.’

आधी टाचा. मग गुडघे. मग कंबर.
छातीचा पट्टा शेवटी,
दोन बोटं आत जातील इतका सैल.
फळी हळूहळू वर घेते
आणि आमच्या दहा बाय बारात
एक माणूस उंच होतो.

नणंद विचारते, स्वतःच्या पायावर कधी उभा राहणार हा?
मी सांगते, रोज. सव्वाअकरा ते बारा.

एरवी त्याच्या वाट्याला पंखा येतो,
पंख्यामागचा ओलीचा नकाशा,
आणि वाकून बघणाऱ्यांच्या नाकपुड्या.
आता खिडकी.
वाशीनाक्याच्या या इमारती इतक्या जवळ
की समोरच्या पाचव्या मजल्यावरची फोडणी
आमच्याकडे खोकला आणते.
‘ती बघ चिमणी,’ मी म्हणते गजावरच्या पाखराला,
तो बघत बसतो दोन इमारतींच्या फटीतली
कारखान्याची, धूर सोडणारी.
बरोबरच आहे. तीही चिमणीच.

समोरच्या जुलेखाबी कुकर लावतात.
एक शिट्टी. सुमेध दचकतो,
हात उडतात दोन्ही बाजूंना, मग हसतो.
दुसरी. तिसऱ्या शिट्टीला तो थांबतो.
डोळे एकदम कुठेच बघत नाहीत.
कान लाल. खालचा ओठ दाताखाली.
मी श्वास धरते. पोटावर हात फिरवते,
उजवीकडून वर, वरून डावीकडे, डावीकडून खाली,
जशी सांगितली तशी वाट.
बोलत नाही काही. देवाशीही नाही.

मग तो वास.

या वासाला नाक मुरडायचं असतं
हे मी कधीच विसरले.
फोन लावते. डेपोत गाडीखाली असणार तो,
हात ग्रीसने भरलेले, स्पीकरवर ओरडतो,
‘झालं?’
‘झालं!’
मागून कुणीतरी विचारतं, काय हो ढसाळ, रिझल्ट लागला पोराचा?
‘लागला,’ म्हणतो तो. ‘पास.’

पट्टे सोडते. आडवा घेते, पुसते, धुते,
अर्धी बादली संपते.
पोट आता मऊ, माझ्या तळहाताखाली
मळलेल्या कणकेसारखं.
आणि हा रडायला लागतो.
आवाज काढून.
भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतका मोठ्याने.

मी पोट चाचपते, पाय बघते, टाचेला फोड आलाय का बघते.
मग त्याची मान दिसते, वळवून वळवून
कुठे नेतोय ती.

गोल काढायचा राहिलाय. भाजी चिरायची राहिलीय.
सव्वाबाराला मी पुन्हा बांधते
टाचा, गुडघे, कंबर.

जुलेखाबींनी कुकर उघडलाय.
झाकण बाजूला धरून, वाफेतून,
त्या त्याला दाखवतात
आज काय केलंय.